लाइन कुणाच्या नावावर

सोलापुरात वीज जात नाही, लाइन जाते. वीज हा शब्द आम्ही आभाळातल्या कडकडाटासाठी आणि छापील बिलासाठी राखून ठेवलाय. बाकी सगळीकडे लाइन. लाइन गेली, लाइन आली, लाइन डिम आहे, भिंतीला लाइन उतरलीय. नळाचं पाणी येतं तीही लाइन, रेशनला उभं राहतो तीही लाइन. फोन लागत नाही तेव्हा लाइन बिझी असते. पोलिसांची घरं असतात ती पोलीस लाइन. पाहुणे विचारतात, "पोरगी कुठल्या लाइनला हाय?" गल्लीच्या तोंडावर उभी राहणारी पोरं जे मारतात तीही लाइन, आणि त्यांना कुणी चपलेनं बडवलं की ती लाइनीवर येतात. साहेबाच्या केबिनमध्ये काही बिघडलं तर साहेब म्हणतो, "दोन लाइनी लिहून द्या." या शेवटच्या अर्थापासून देवानं सगळ्या कामगारांना वाचवावं. मी देव मानत नाही, तरी म्हणते.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तुमच्या कामात रोज तोंडात येणारा एखादा इंग्रजी शब्द घ्या आणि त्याचे अर्थ सांगा. इंग्रजी शब्दकोशात म्हणे या शब्दाला पानंच्या पानं दिलीत. मी उघडून बघितलं नाही. मला जेवढे अर्थ ठाऊक आहेत तेवढे अंगावरून गेलेले आहेत.

मी लाइनमन आहे. बाई आहे, तरी लाइनमनच. आयटीआय झाले, कंत्राटदाराकडे लागले, अजून कंत्राटदाराकडेच आहे. शिवाय आमच्या कंत्राटी कामगारांच्या संघटनेची पत्रकं मी लिहिते. पत्रकात प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह लागतं आणि शेवटी 'जाहीर निषेध'. संपादकांनी आधीच बजावलंय, इथं घोषणा नकोत. प्रयत्न करते. पण काही गोष्टी घोषणेशिवाय सांगता येत नाहीत, ते त्यांनी समजून घ्यावं.

पहिल्या वर्षी एका घरी मीटरपाशी ठिणग्या उडतात म्हणून तक्रार आली होती. पेन्शनर गृहस्थ. दार उघडून माझ्या मागं बघायला लागले.

"लाइनमन कुठाय?"

"मीच."

"बाईमाणूस? अहो, पुरुष कुणी न्हाय का तिकडं?"

"पुरुष आहेत की. ते उद्या येतील. तोवर ठिणग्या बघत बसा."

आत घेतलं. काम होईस्तोवर ते माझ्यामागं रबरी चप्पल हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, मारतात का काय! तर म्हणाले, "तुला लाइन चिकटली तर ह्यानं हात सोडवतो. मी पेपरात वाचलंय." त्या माणसावर मला रागही आला आणि त्याच्यावर जीवही जडला. सगळ्या नोकरीत माझ्या सुरक्षेसाठी काहीतरी हातात घेऊन उभा राहिलेला तो पहिला माणूस. कंपनीनं दिलेले रबरी हातमोजे तेव्हा दोन जणांत एक जोड होते. डावा मला, उजवा जोडीदाराला. हा विनोद नाही, आणि याच्यावर मी पत्रक काढलेलं आहे.

जोडीदार म्हणजे गुरुअण्णा. मैंदर्गीचा, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या. रोज तिथून मोटारसायकलवर यायचा, डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, पण तोही कंत्राटीच. घरी कानडी, कामावर मराठी, आणि वर पोलवर दोन्हीतलं काहीच नाही. वर तो बोलायचाच नाही. मला 'तंगी' म्हणायचा. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. मराठीतला अर्थ वेगळा आहे, तोही आम्हा दोघांना लागू होता.

पहिल्यांदा पोलवर चढले तेव्हा माझे पाय लटलट कापत होते. खाली उतरले तेव्हा मला वाटलं, अण्णा हसणार. तो म्हणाला, "उंचीची भीती आठ दिवसात जाती. ती जाऊ दे. लाइनीची भीती हाय न्हवं, ती जाऊ देऊ नको. ज्याची ती गेली, तो गेला."

तो असं बोलायचा आणि मग तंबाखू मळायचा. मला तेव्हा ते म्हाताऱ्यांचं बोलणं वाटलं होतं.

आता ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अकरा हजार व्होल्टच्या तारेवर काम करायचं तर आधी ती लाइन बंद पाहिजे. बंद करतो सबस्टेशनमधला ऑपरेटर. त्याच्याकडून बंद करून घेण्याला आम्ही म्हणतो 'लाइन घेणं', आणि काम संपल्यावर 'लाइन परत देणं'. घेताना परमिट मिळतं. ऑपरेटर रजिस्टरमध्ये वेळ लिहितो आणि नाव लिहितो. नियम एवढाच, की ज्याच्या नावावर परमिट, त्यानंच लाइन परत द्यायची. दुसऱ्या कुणी, साहेबानं सांगितलं तरी नाही. नियम रक्तातनं आलेला आहे. आधी माणसं मेली, मग नियम झाला.

पण परमिट फक्त कायम कामगाराच्या नावावर मिळतं. कंत्राटी माणसाच्या नावावर मिळत नाही. पोलवर चढतो कंत्राटी, परमिटवर नाव कायमवाल्याचं. आमच्या भागात एकच कायम लाइनमन उरला होता, कदमदादा. निवृत्तीला आलेला, गुडघे गेलेले, सरळ माणूस. एकेका दिवशी तीन तीन ठिकाणची माणसं त्याच्या नावावर वर चढलेली असायची. सकाळी आम्ही एकमेकांना विचारायचो, "आज कुणाच्या नावावर?" "कुणाच्या म्हणजे? दादाच्या की!" हसून विचारायचो. आता विचार केला की अंगावर काटा येतो, आम्ही कशाला हसत होतो ते.

गोष्ट उन्हाळ्यातली. आदल्या संध्याकाळी वळवाचा वारा सुटला होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीत झाडाच्या फांद्या, पत्रे, फ्लेक्स, सगळं तारांवर. सकाळी फीडरच्या, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या मोठ्या लाइनीच्या, पार टोकाला बाळूच्या टोळीचं काम निघालं. बाळू आमच्यातलाच, पण त्याची टोळी वेगळी. फुटलेला इन्सुलेटर बदलायचा होता. कदमदादानं त्या कामासाठी सबस्टेशनकडून लाइन घेतली, स्वतःच्या नावावर, रीतसर. बाळू वर चढला आणि दादाला ऑफिसातनं बोलावणं आलं, मीटिंग आहे म्हणून. तो गेला.

अण्णा आणि मी दुसऱ्या टोकाला होतो, चादरींच्या कारखान्यांच्या एका गल्लीत. तिथल्या पोलवरचा जंपर जळाला होता. जंपर म्हणजे दोन तारांना जोडणारा तारेचाच तुकडा. छोटं काम. पोलखालचा स्विच पाडून तेवढीच गल्ली वेगळी करता आली असती, पण त्या स्विचचं एक पातं कधीच गळून पडलेलं आणि तिथं जाड तार बांधून काम भागवलेलं. म्हणजे आख्खा फीडर बंद असेल तरच वर जाता येणार. तो तर बंदच होता, बाळूच्या कामासाठी.

गल्लीत सगळे माग थांबलेले. मागाचा आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच ती शांतता कळेल. रोज त्या गल्लीत एकमेकांच्या कानात ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी लांबच्या झाडावरचा कावळाही ऐकू येत होता. कामगार बाहेर सावलीला बसलेले, बायका सुताच्या कांड्यांच्या टोपल्या उलट्या घालून त्यावर टेकलेल्या. आतमध्ये पत्र्याखाली भट्टी.

एका कारखान्याचे शेठ चारदा बाहेर येऊन गेले. "मॅडम, किती वेळ की? माल आज जायचाय. तुमी नुस्ते वर बघून ऱ्हायलाय."

एक मागवाला म्हणाला, "शेठ, त्यांना घाई करू नका. घाईत दुसरीच लाइन लागंल, वरची." सगळे हसले. मीही हसले.

मग मी फोन लावला. हा फोन मी लावलेला आहे, अण्णानं नाही, हे नीट वाचा.

"दादा, जंपरच आहे. दहा मिनिटांचं काम. फीडर बंदच आहे बाळूसाठी. त्याच परमिटवर करून घेतो. वेगळं कशाला?"

दादाच्या मागं मीटिंगचा आवाज येत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "सबस्टेशनला कळवायला पायजे गं. दुसरी टोळी हाय म्हणून."

"दादा, तुमी मीटिंगमधनं कधी कळवणार? हितं माणसं भाजायलीत. दहा मिनिटं."

"बरं. झालं की मला सांग. विसरू नको."

"मी कशाला विसरते?"

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं होतं, 'सुरक्षेची पायमल्ली थांबवा!' गठ्ठा माझ्या गाडीच्या डिकीत होता.

अण्णाला सांगितलं. तो पोलकडं बघत राहिला.

"चेन?"

चेन म्हणजे अर्थिंगचा संच. बंद तारेला जमिनीशी जोडून ठेवायचा, म्हणजे चुकून लाइन आलीच तर ती माणसातनं न जाता चेनमधनं जाते. ती आमच्याकडं एकच होती आणि ती बाळूच्या टोळीकडं होती.

"बाळूकडं आहे. अण्णा, दहा मिनिटं."

"तंगी, दहा मिनिटात माणूस मरायला वेळ लागत न्हाय." असं म्हणाला आणि तरी चढला. का चढला? मी नंतर विचारलं नाही. मला माहीत आहे. कंत्राटी माणूस 'नाही' म्हणाला की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा 'हो' म्हणणारा असतो. मी कंत्राटदार नव्हते, पण त्याला त्या वेळी माझ्या तोंडून कंत्राटदारच ऐकू आला असणार.

काम दहा मिनिटांचं नव्हतं. वरचा क्लॅम्प वितळून चिकटलेला. अण्णा पट्ट्यानं पोलला बांधून घेऊन दोन्ही हातांनी पक्कड फिरवत होता. घाम त्याच्या कोपरावरनं माझ्या पुढ्यात धुळीत पडायचा.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली. बाळू आणि त्याचा जोडीदार, मध्ये आडवी शिडी धरलेली.

"काय बे, अण्णा अजून वर काय करलालाय?" बाळू ओरडला. "आमचं झालं की! दादाला सांगून टाकलं मगाच."

त्याच्या पुढ्यात टाकीवर गोणी होती. गोणीतनं चेनचं टोक बाहेर लोंबत होतं.

ते टोक मी बघितलं आणि मला पुढचं सगळं एकदम दिसलं. चेन काढलेली. काम झालेलं. दादाला कळलेलं. दादा मीटिंगमध्ये बसलाय. त्याच्या नावावर एकच परमिट. त्या परमिटवरचं काम संपलं. तो सबस्टेशनला सांगणार, लाइन परत घ्या. किंवा त्यानं सांगितलंय.

मी ओरडले ती कानडीत, का कोण जाणे.

"इळी अण्णा! इळी! उतर! हात काढ!"

तो खाली बघायला लागला. "काय?"

"लाइन येतेय! हात काढ!"

अण्णानं पक्कड सोडली. ती माझ्या पायापाशी पडली. त्यानं दोन्ही हात छातीशी घेतले आणि तो तसाच थांबला, पट्ट्यात टेकून, तारेपासून हातभर अंतरावर. उतरायचं तर पट्टा सोडायला पाहिजे. पट्टा सोडायचा तर अंग हलणार, हेल्मेट तारेला लागणार. तो हलेचना.

मी दादाला फोन लावला. रिंग जात होती. उचलेना. मगाशी उचलला होता, आता मीटिंगमध्ये फोन सायलेंट करायला लावला असणार. पुन्हा लावला. सबस्टेशनला लावला. बिझी. पुन्हा, बिझी. बिझी असणारच की! आख्खी एमआयडीसी तिथं फोन लावून एकच प्रश्न विचारत होती, लाइन कधी येणार.

बाळू गाडी टाकून पळत आला. "चेन टाकू का परत?" कुठं टाकणार? टाकायला वर चढावं लागतं.

मागवाले उठून उभे राहिले होते. मी कान देऊन ऐकत होते. मागांचा आवाज येतोय का ते. लाइन आली की बंद न केलेले माग आपोआप सुरू होतात, आणि त्या गल्लीच्या मागं, त्याच फीडरवर, कारखान्यांची दुसरी रांग आहे. तिकडनं खट् एवढा आवाज आला असता तर मला वर बघायचीही गरज उरली नसती. लांब कुठंतरी खट् वाजलं. पत्राच होता.

"शेठ!" कांड्या भरणारी एक बाई ओरडली. तिचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा आधी चाललं. "शेठ, तुमच्याकडं हाय न्हवं त्या सबस्टेशनवाल्याचा नंबर? तुमी रोज लावताव की!"

शेठकडं नंबर होता. ऑपरेटरचा खासगी मोबाइल नंबर. जो आम्हाला, पोलवर चढणाऱ्यांना, मागूनही मिळाला नव्हता. यावर माझं एक पत्रक तयार आहे, पण आत्ता नको. शेठनं लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हौ शेठ, आ गई समझो," पलीकडनं ऑपरेटर सलीमभाईंचा आवाज. "परमिट वापस आया अब्बीच. छोडरा हूं लाइन."

मी शेठच्या हातातनं फोन हिसकावला. "सलीमभाई, सोडू नका! माणूस वर आहे!"

"कौन बोलरा?"

मी माझं नाव सांगितलं.

"मॅडम, परमिट कदमदादा के नाम पे है. उनो वापस दिये. तुमारा नाम तो कहींच नै है."

"माझं नाव नाही. वर आहे त्याचंही नाव नाही. तरी तो वर आहे!"

मी त्या माणसाला कधी भेटले नव्हते. ऑपरेटर लोक पंख्याखाली बसून आमचे जीव घेतात, असं मी एका पत्रकात लिहिलेलं होतं. नियमानं त्याला माझं ऐकायचं नव्हतं. ज्याच्या नावावर परमिट त्याचाच शब्द, आणि तो शब्द त्याच्याकडं आलेला होता, रजिस्टरात चढलेला होता.

"सच बोलरे, मॅडम?"

"आईशपथ."

"मैं हात निकाल लिया हँडल पर से," सलीमभाई म्हणाले. "फोन नक्को काटो. उनो नीचे आये तक मेरेकू बोलते रैना. क्या कररे, सब बोलो."

मग मी बोलत राहिले. क्रिकेटची कॉमेंट्री असते तशी. अण्णा पट्टा सोडतोय. एक हात सोडला. पाय खाली घेतोय. थांबलाय. पाय सापडत नाही. सापडला. अजून एक. बाळूनं आणलेली शिडी पोलला लावली, चढून खालनं त्याच्या टाचेला हात लावला आणि "हितं, अण्णा, हितं ठेव" म्हणत पाय शिडीवर ठेवला. पलीकडनं सलीमभाई फक्त "हौ… हौ…" म्हणत होते.

"उतरला," मी म्हणाले, "पाय जमिनीवर आहेत."

"अल्लाह," एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, "अब उनको पानी पिलाओ."

अण्णा धुळीत बसला. कांड्यावाल्या बाईनं तांब्या दिला, तो त्याला धरता येईना, पाणी छातीवर सांडलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"जंपर अर्धा हाय," तो म्हणाला. "तसा सोडता येत न्हाय."

कदमदादा कुणाच्या तरी गाडीवर बसून आला. माझे चुकलेले फोन बघून मीटिंग सोडून आला होता. अण्णाला बसलेलं बघितलं आणि दादा त्याच्याशेजारी तसाच धुळीत बसला, गुडघे दुमडत नसताना. म्हणाला, "गुरू, मी विसरलो रे. बाळूनं झालं म्हणून सांगितलं आणि मी लाइन देऊन टाकली. तू वर हायस हे माझ्या डोक्यातनंच गेलं." मी म्हणाले, दादा, चूक माझी आहे. त्यानं ऐकलं का नाही माहीत नाही.

मग वेगळं परमिट घेतलं. दादा स्वतः पोलपाशी उभा राहिला, फोन हातात. चेन टाकली. अण्णाच्या बोटांना पट्ट्याचं बक्कल लागेना, म्हणून वर मी गेले. क्लॅम्प उकलला, जंपर लावला. सगळं नियमानं होतं, चेन होती, खाली दादा होता, आणि तरी तारेला हात लावताना मी डोळे मिटले. लाइनमननं डोळे मिटून काम करू नये. मी केलं. आजही करते कधी कधी. पहिला हात लावताना.

दादानं लाइन परत दिली, मागची रांग धडधडली, मग आमची गल्ली. शेठ म्हणाले, "थँक्यू मॅडम." मागवाले आत गेले. कांड्यावाली बाई जाताना म्हणाली, "उद्या त्यांना रजा द्या." रजा कोण देणार? अण्णा दुसऱ्या दिवशी कामावर होता.

आता खरी गोष्ट. इतका वेळ सांगितलं ते सगळ्या लाइनमनांना ठाऊक आहे; थोडं इकडचं तिकडं, प्रत्येकाकडं असं एक आहे. ज्यांच्याकडं नाही ते सांगायला उरलेले नाहीत.

दोन आठवड्यांनी सलीमभाईंना पत्र आलं. परमिट अमुक वाजता परत आलं, दुसरं निघालं त्याच्या कितीतरी नंतर; मधल्या वेळात लाइन का सोडली नाही? उद्योगांचं नुकसान झालं, खुलासा करा. कुणीतरी वरनं रजिस्टर तपासलं होतं. ते मला भेटायला सबस्टेशनच्या फाटकाबाहेर आले. बारीक, चष्मेवाले, हातात टिफिन. मी त्यांना पहिल्यांदा बघत होते.

"सच लिखूं तो," ते म्हणाले, "कदमदादा का पेन्शन अटकता. गुरुअण्णा घर को. तुम भी घर को. बोलो, क्या लिखूं?"

मी पत्रकं लिहिणारी. माईकवर बोलणारी. 'सत्याला घाबरू नका कामगारांनो' हे वाक्य माझं आहे. मी तोंड उघडलं आणि बंद केलं.

त्यांनी लिहिलं, लाइन सुरू करायचं पॅनेलचं हँडल अडकलं होतं. त्याबद्दल त्यांना ताकीद मिळाली आणि लांब कुठंतरी बदली झाली. मी त्यावर पत्रक काढलं नाही. बाळूनं एकदा विचारलं, "ताई, ह्याच्यावर काय लिहीत न्हाईस?" मी म्हणाले, बघू. त्याच्या नजरेला नजर देता आली नाही.

कंत्राटी कामगाराच्या नावानं परमिट द्या, प्रत्येक टोळीला स्वतंत्र चेन द्या, हे मी त्यानंतरही शंभर ठिकाणी ओरडले. ओरडताना प्रत्येक वेळी उदाहरण दुसऱ्याचं दिलं. स्वतःचं कधी नाही. लोकांना वाटतं, चळवळीतल्या पोरीला कशाची भीती नसते. मला अकरा हजाराची आहे, आणि त्याहून जास्त या दोन लाइनींची, ज्या मी तेव्हा लिहून द्यायला पाहिजे होत्या.

दादा आता निवृत्त आहे. सलीमभाई नोकरीतनं सुटले, गावी असतात. त्यांची परवानगी घेतली, ते म्हणाले, "लिखो, मेरा क्या अब." अण्णानं काम सोडलं. मैंदर्गीला शेळ्या आहेत, थोडं रान आहे. गेल्या महिन्यात मी त्याला फोन केला, हे लिहू का विचारायला.

"लिही की," तो म्हणाला. मागं शेळ्या ओरडत होत्या. "पण तंगी, गुरुअण्णा असं नको लिहू. पुरं नाव लिही. इतकी वर्षं चढलो, पण एका परमिटवर आलं न्हाय ते."

कंपनीच्या फायलीत त्या दुपारबद्दल एकच गोष्ट आहे, हँडल अडकलं. ते खोटं आहे. हँडल ठीक होतं. पोलवर गुरुसिद्धप्पा मल्लप्पा बिराजदार होते, राहणार मैंदर्गी, आणि त्यांना परमिटशिवाय, चेनशिवाय वर चढवलं ते मी.